आठ बाइटांचा घोळ

रविवारची सकाळ. दुसरा चहा झालेला, पेपर अर्धा वाचून झालेला आणि पोहे व्हायला अजून दहा मिनिटं. अशा वेळी भाचीचा फोन आला की मी समजतो, काहीतरी अडलंय. एरवी ती मेसेज करते.

"मामा, मला नाही जमणार हे. मी सरांना सांगून प्रोजेक्टच बदलून घेते."

भाची नाशिकला फिजिक्समध्ये एम.एस्सी. करते. शेवटचं वर्ष. जिल्ह्यातल्या पावसाच्या तीसेक वर्षांच्या मासिक नोंदी घ्यायच्या आणि त्यात काही लय सापडते का ते बघायचं, असा तिचा प्रकल्प. गणित तिचं पक्कं आहे. फुरिये ट्रान्सफॉर्म ती मला समजावते (आणि मला तो दर वेळी नव्याने समजावून घ्यावा लागतो, ते सोडा). मग अडलं कुठे? तर प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीवर. इम्पोर्ट नमपाय. पावसाच्या आकड्यापर्यंत गाडी पोचलीच नव्हती.

"दोन दिवस झाले मामा. कॉलेजच्या लॅबमध्ये चालतो तोच प्रोग्राम. वर्गात सगळ्यांचा चालतो. माझाच नाही चालत. मला प्रोग्रामिंग येतच नाही असं दिसतंय."

हे शेवटचं वाक्य मला जरा टोचलं. का, तर एक जुनी गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी मी ऑफिसात मुलाखती घेत होतो. एक मुलगा आला होता, लहान गावातून, स्वतःचा जुना लॅपटॉप घेऊन. मी त्याला एक छोटं विश्लेषण करून दाखवायला सांगितलं. त्याच्या लॅपटॉपवर लायब्ररी काही चढेना. एरर मागून एरर. पंधरा-वीस मिनिटं तो घाम पुसत झगडत होता आणि मी समोर बसून मनातल्या मनात फुली मारली. 'याला साधं इन्स्टॉल करता येत नाही.' पुढच्या उमेदवाराचा लॅपटॉप नवा कोरा होता. त्याला घेतलं.

तेव्हा मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. म्हणून आजचा हा लेख. थोडा इतिहास आहे, थोडी कबुली आहे. पोहे खात खात वाचण्यासारखा आहे, घाबरू नका.

*

तर भाचीने स्क्रीन दाखवली. पहिली एरर अगदी ओळखीची: नमपाय नावाचं मॉड्यूल सापडत नाही. आणि त्याच्या वरच, त्याच खिडकीत, पिप महाराज सांगतायत की नमपाय तर केव्हाच बसवलंय! एकाच घरातली दोन माणसं शपथेवर दोन वेगळ्या गोष्टी सांगतायत. आता कोण खोटं बोलतंय?

कोणीच नाही. तिच्या लॅपटॉपवर पायथन दोन होते. एक तिने संकेतस्थळावरून उतरवलेला आणि दुसरा कुठल्याशा सॉफ्टवेअरबरोबर आपोआप आलेला. पिप होता पहिल्याचा, आणि प्रोग्राम चालत होता दुसऱ्यावर. म्हणजे बघा, तुम्ही राहता ए विंगमध्ये, चारशे दोन नंबरला. दूधवाला रोज इमानेइतबारे पिशवी टांगतो ती बी विंगच्या चारशे दोनला. तो म्हणतो दूध दिलं, तुम्ही म्हणता मिळालं नाही. दोघंही खरे.

यावर उपाय सोपा आहे. नुसतं 'पिप' असं न म्हणता 'पायथन डॅश एम पिप' म्हणायचं, म्हणजे ज्या पायथनवर प्रोग्राम चालवणार, त्याचाच पिप कामाला लागतो. आणि प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र खोली द्यायची. या खोलीची कल्पना इयान बिकिंग या माणसाने २००७ मध्ये व्हर्चुअलएन्व्ह नावाने आणली. पुढच्याच वर्षी पिपही त्यानेच लिहिला. म्हणजे दूधवाला आणि दारावरची पाटी, दोन्ही एकाच माणसाची.

ते झालं. पहिली ओळ चालली. भाची खूश. आणि दुसऱ्या ओळीवर, म्हणजे इम्पोर्ट पांडासवर, पडद्यावर लाल अक्षरांचा पूर आला. शेवटच्या ओळीचा अर्थ साधारण असा: नमपायच्या डीटाइपचा आकार बदललेला दिसतो, अपेक्षा ९६ ची होती, मिळाले ८८.

"आता हे काय?" भाची म्हणाली. "९६ काय? ८८ काय? मी कुठे काय बदललं?"

तिने काहीच बदललं नव्हतं. पण हे आठ बाइट कुठे गेले ते सांगायचं तर जरा लांबून यावं लागतं.

*

पायथन जन्माला यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ मध्ये फोरट्रान आणली आणि शास्त्रज्ञ मंडळी संगणकावर गणितं करू लागली. लवकरच लक्षात आलं की जो तो तीच ती कामं पुन्हा लिहितोय. दोन यादींचा गुणाकार, मॅट्रिक्सचा गुणाकार, समीकरणांचे संच सोडवणं. अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात आइसपॅक आणि लिनपॅक हे चांगले, तपासलेले संग्रह तयार झाले. १९७९ मध्ये लॉसन, हॅन्सन, किंकेड आणि क्रॉग या चौघांनी अगदी मूलभूत क्रियांची एक ठरावीक यादी प्रसिद्ध केली. तिचं नाव ब्लास. पुढे १९९२ मध्ये या सगळ्यावर उभं राहिलेलं लॅपॅक आलं.

यातल्या नावांची एक गंमत आहे. फोरट्रान ७७ च्या नियमाप्रमाणे नाव सहा अक्षरांपेक्षा मोठं चालायचं नाही. म्हणून समीकरणं सोडवणाऱ्या फंक्शनचं नाव काय, तर डीजीईएसव्ही. डी म्हणजे दुप्पट अचूकता, जीई म्हणजे सर्वसाधारण मॅट्रिक्स, एसव्ही म्हणजे सोडव. आज तुम्ही नमपायमध्ये साध्या दशांश संख्यांची समीकरणं सोडवायला दिलीत, की आत खोलवर याच नावाच्या फंक्शनला हाक जाते. आपण नवं कोरं समजून वापरतो त्या वस्तूच्या पोटात हे असं जुनं सामान असतं.

आणि हे सगळं बसवायचं कसं? त्याचीही सोय होती. जॅक डोंगारा आणि एरिक ग्रॉस यांनी १९८५ मध्ये नेटलिब सुरू केलं. तुम्ही एका पत्त्यावर ईमेल करायचं, त्यात एकच ओळ: अमुक पाठवा. पलीकडे माणूस नाही, प्रोग्रामच ते पत्र वाचायचा आणि उत्तरादाखल फोरट्रानचा मजकूर पाठवून द्यायचा. वेब जन्मायच्या आधीचं पॅकेज मॅनेजर म्हणा ना! (या डोंगारांना पुढे २०२१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.) पण पत्रातून यायचा तो मजकूर. तो आपल्या यंत्रावर कंपाइल करणं ही ज्याची त्याची जबाबदारी.

ही जबाबदारी काय असते, ते मी स्वतः भोगलंय. २००७ चं साल, पुण्यात इंजिनियरिंगचं हॉस्टेल. मला नमपाय सोर्सपासून बांधायची हौस आली आणि त्यासाठी आधी ॲटलास नावाची ब्लासची एक आवृत्ती. हा ॲटलास मोठा चिकित्सक. बसताना तो तुमच्या प्रोसेसरवर शेकडो प्रयोग करून बघतो, कुठल्या आकाराचे तुकडे पाडले तर गुणाकार सगळ्यात जलद होतो ते मोजतो, आणि मग त्याप्रमाणे स्वतःला घडवतो. यात तास न् तास जायचे. तीन तास झाले, आता होईल मग होईल म्हणत मी बसलोय, आणि... लोडशेडिंग! त्या काळात महाराष्ट्रात वीज जाणं म्हणजे सूर्य मावळण्याइतकं नेमाचं. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी मी नाद सोडला. माझ्याबद्दल तेव्हा कोणी फुली मारली नाही, हे माझं नशीब.

*

आता पायथनकडे येऊ. गीडो व्हॅन रॉसम यांनी ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत असताना १९९१ मध्ये पायथन जगाला दिला. भाषा लिहायला गोड, वाचायला सोपी, पण आकडेमोडीत हळू. तरीही काही शास्त्रज्ञांच्या मनात ती भरली. १९९५ मध्ये त्यांनी मॅट्रिक्स-सिग नावाचा गट काढला, आणि एमआयटीत शिकणाऱ्या जिम ह्यूगनिनने न्यूमेरिक नावाची लायब्ररी लिहिली. युक्ती अशी की वरवर पायथन, पण आत सगळं सी भाषेत. आकडे मेमरीत एका ओळीत शेजारी शेजारी मांडायचे आणि जड काम सी आणि फोरट्रानकडे सोपवायचं. गीडोंनीही या मंडळींचं ऐकलं. आज आपण यादीतला प्रत्येक दुसरा घटक उचलायला दोनदा विसर्गचिन्ह देतो ना, ती लिहिण्याची पद्धत भाषेत आली ती यांच्याच सोयीसाठी.

इथेच त्या आठ बाइटांचं बीज पडलं. का ते सांगतो.

आमच्या गावच्या घरी आजीला रात्री दिवे गेले तरी काही अडायचं नाही. दारापासून आठ पावलं, डावीकडे हात, की कोनाडा आणि कोनाड्यात काडेपेटी. ती कोनाडा शोधत नव्हती, पावलं मोजत होती. कंपाइल झालेला सीचा प्रोग्राम अगदी असाच वागतो. पायथनचा प्रोग्राम नाव घेऊन शोधतो: 'कोनाडा कुठेय?' सीचा प्रोग्राम एकदा का कंपाइल झाला, की त्याला नावं आठवत नाहीत, फक्त पावलं आठवतात. अमुक वस्तूच्या सुरुवातीपासून चाळिसाव्या बाइटवर तमुक आकडा आहे, बस. म्हणून तो वेगवान. आणि म्हणूनच, घराची डागडुजी करून कोनाडा दोन पावलं सरकवलात, तर आजीचा हात भिंतीवर आपटणार. या पावलांच्या कराराला आमच्या धंद्यात एबीआय म्हणतात.

पांडास, सायपाय, सायकिट-लर्न ही सगळी मंडळी नमपायच्या घरात अंधारात वावरतात. प्रत्येकाला पावलं पाठ. भाचीकडचा पांडास जुना होता. तो कंपाइल झाला तेव्हा डीटाइप नावाची खोली ९६ बाइटांची होती. त्याने आत पाऊल टाकलं तर खोली ८८ ची. आणि इथे त्या एररचं मी कौतुकच करेन. कारण भिंतीवर डोकं आपटण्याआधी ती उंबऱ्यावर थांबली आणि म्हणाली, थांबा, हे घर मला माहीत असलेलं नाही.

*

मग ही खोली लहान केली कोणी? आणि का?

न्यूमेरिक चाललं, पण मोठाल्या डेटाला कमी पडू लागलं. हबल दुर्बिणीचा कारभार बघणाऱ्या बाल्टिमोरच्या संस्थेतल्या लोकांनी साधारण २००१ च्या सुमारास नमअरे नावाची वेगळी लायब्ररी काढली. मोठ्या चित्रांना ती छान, छोट्या यादींना मात्र न्यूमेरिकपेक्षा हळू. झालं, दोन घरं झाली. सायपाय (२००१, ट्रॅव्हिस ऑलिफंट, एरिक जोन्स आणि पिअरू पीटरसन यांचं काम) न्यूमेरिकच्या बाजूला, खगोलवाले नमअरेकडे. मेंदूच्या विद्युत लहरी बघण्यासाठी जॉन हंटरने २००३ मध्ये मॅटप्लॉटलिब काढली, तर त्या बिचाऱ्याला दोन्ही घरांशी संबंध ठेवायला मध्ये एक वेगळा थरच घालावा लागला.

हे भांडण मिटवायचं काम ट्रॅव्हिस ऑलिफंटने अंगावर घेतलं. ब्रिगम यंग विद्यापीठात नवखा प्राध्यापक. त्या वयात माणसाने शोधनिबंध लिहायचे, नोकरी पक्की करायची. याने २००५ मध्ये न्यूमेरिकचं घर घेतलं, नमअरेच्या चांगल्या गोष्टी त्यात आणल्या आणि २००६ च्या ऑक्टोबरात नमपाय १.० बाहेर काढलं. पदरचा वेळ घालून. खर्चाला हातभार म्हणून नमपायवरचं पुस्तक त्याने आधी विकत ठेवलं, पुढे तेही मोफत केलं. २००७ मध्ये त्याने विद्यापीठ सोडलं.

आणि मग तो पावलांचा करार गोठला. गोठवावाच लागला, कारण आता घरात माणसं फार. एकदा, २००९ च्या डिसेंबरात, नमपाय १.४.० मध्ये तारखा आणि वेळा हाताळायची सोय घातली आणि पावलं सरकली. जगभर जुने कंपाइल केलेले प्रोग्राम अडखळले. काही महिन्यांत १.४.१ आली आणि ती सोय चक्क काढून टाकलेली होती. धडा मिळाला: चुकीच्या जागी असलेला कोनाडासुद्धा हलवायचा नाही.

तो हलला थेट २०२४ मध्ये. १६ जून २०२४ ला नमपाय २.० आलं, १.० नंतर जवळजवळ १८ वर्षांनी. करणाऱ्यांनी काळजी घेतली होती. आधीपासून सांगून ठेवलं होतं, आणि नव्या नमपायवर कंपाइल केलेलं पॅकेज जुन्या नमपायवरही चालेल अशी सोय केली होती. पण उलटं शक्य नव्हतं. जुनी पावलं पाठ असलेला पांडास नव्या घरात चालणार नव्हता.

भाचीला पॅकेजांची यादी मिळाली होती ती एका सीनियरकडून. तीत पांडासची जुनी आवृत्ती आकड्यासकट लिहिलेली, नमपायचा उल्लेखच नाही. त्या जुन्या पांडासने पिपला सांगितलेलं, नमपाय किमान इतकी जुनी तरी हवी. जास्तीत जास्त किती नवी चालेल, हे तेव्हा कोण सांगणार? मग पिपने सगळ्यात नवी आणली. लॅबमधली यंत्रं २०२४ च्या आधी बसवलेली, तिथे नमपाय जुनी, म्हणून तिथे सगळ्यांचं चालत होतं. आता सांगा, यात मुलीची चूक काय?

*

तुम्ही म्हणाल, अहो पण हे बसवण्याचं काम इतकं अवघड ठेवलंच कशाला? याचंही कारण इतिहासात आहे.

पायथनबरोबर पॅकेज बांधायचं अधिकृत साधन, डिस्टयुटिल्स, २००० मध्ये आलं. पॅकेजांचं सार्वजनिक कोठार, म्हणजे पायपीआय, २००३ मध्ये. मग २००४ मध्ये फिलिप एबीचं सेटअपटूल्स, २००८ मध्ये पिप. ही सगळी साधनं मुख्यतः वेबवाल्या मंडळींच्या गरजेतून वाढली. त्यांची पॅकेजं बहुतेक निव्वळ पायथनची: फाइल उचला, जागेवर ठेवा. शास्त्राच्या पॅकेजला मात्र सीचा कंपायलर हवा, फोरट्रानचा हवा, ब्लास हवं. विंडोजवर तर कंपायलर मुळात नसतोच. 'व्हीसीव्हार्सऑल डॉट बॅट सापडत नाही' हे वाक्य ज्यांनी वाचलंय, त्यांच्या डोळ्यांत आत्तासुद्धा पाणी आलं असेल :-)

त्या विंडोजवाल्यांचा वाली कोण होता माहितीये? कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन विद्यापीठातल्या प्रयोगशाळेतला क्रिस्टोफ गोल्के नावाचा एक माणूस. शेकडो पॅकेजं तो स्वतः विंडोजसाठी कंपाइल करून एका साध्या पानावर ठेवायचा. कित्येक वर्षं. मी स्वतः त्या पानावरून किती वेळा फाइली उचलल्या असतील, गणती नाही. एकदाही आभाराचं पत्र लिहिलं नाही. ती सेवा २०२२ मध्ये थांबली.

२०१२ मध्ये पहिल्या पायडेटा मेळाव्यात शास्त्रवाल्यांनी हे गाऱ्हाणं गीडोंसमोर मांडलं. त्यांचं म्हणणं असं पडलं, की तुमच्या गरजा इतक्या निराळ्या आहेत, तर तुम्ही तुमची वेगळी व्यवस्था बांधलेली बरी. ऑलिफंट आणि पीटर वांग यांनी त्याच वर्षी कंपनी काढली होती. तिथून कॉन्डा आलं, जे पायथनच नव्हे तर फोरट्रानच्या लायब्ऱ्यासुद्धा तयार स्वरूपात आणून बसवतं. इकडे पिपच्या बाजूला डॅनियल होल्थने व्हील हा प्रकार मांडला. व्हील म्हणजे गाडीचं चाक नव्हे बरं का, चीजची गोल चकती! पायपीआयचं लाडकं नाव चीज शॉप, मॉन्टी पायथनच्या एका विनोदी प्रवेशावरून. आपल्या भाषेत सांगायचं तर, पूर्वी श्रीखंड करायचं म्हणजे रात्रभर दही टांगून ठेवायचं. आता डेअरीतून तयार चक्का आणायचा. व्हील म्हणजे हा तयार चक्का.

लिनक्सवर तेही जमत नव्हतं, कारण प्रत्येक लिनक्सची चूल वेगळी. २०१६ मध्ये रॉबर्ट मॅकगिबन आणि नॅथनियल स्मिथ यांनी मार्ग काढला. सेंटओएस ५ नावाची तेव्हाच जुनी झालेली लिनक्स घ्यायची, तिच्यावर कंपाइल करायचं. सगळ्यात जुन्या यंत्रावर चाललं की नव्यांवर बहुधा चालतंच. या पद्धतीचं नाव मेनीलिनक्स. आज पिपने नमपाय अर्ध्या मिनिटात बसतं, त्या व्हीलच्या पोटात बऱ्याचदा ओपनब्लासही असतं. काझुशिगे गोतो यांनी टेक्सास विद्यापीठात असताना हाताने असेंब्ली लिहून घडवलेल्या ब्लासचा हा वारस. मूळ काम थांबल्यावर २०११ मध्ये चीनमधल्या झांग शियानयी यांनी ते पुढे नेलं. ज्या कामासाठी मी हॉस्टेलात तीन दिवस घालवले, ते आता चहाला उकळी यायच्या आत होतं. सुधारणा होत नाही असं कोण म्हणतं?

आपल्याकडचे हातही यात आहेत. त्रिमितीय चित्रं काढणारं मेयावी पवईच्या आयआयटीतल्या प्रभू रामचंद्रन यांचं, आणि तिथल्याच फॉसी प्रकल्पाने कॉलेजांमध्ये पायथन पोचवायला बरीच खटपट केली.

पण एक गोष्ट खटकत राहते. गुरुत्वीय लहरींचा शोध असो, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेलं कृष्णविवराचं चित्र असो, त्या विश्लेषणांत नमपाय होतं. मोठमोठ्या कंपन्यांचे धंदे त्यावर चालले. आणि या लायब्ररीच्या विकासासाठी म्हणून खास निधी मिळाला तो २०१७ मध्ये, १.० नंतर ११ वर्षांनी, मूर फाउंडेशनकडून. तोवर लोकांनी सुट्टीच्या दिवशी, नोकरी सांभाळून केलेलं काम. त्यामुळे 'इतकं अवघड का ठेवलंय' या प्रश्नाला मी आता जरा दबकत हात घालतो. ठेवलेलं नाही हो. जेवढं सोपं झालंय, तेवढं कोणीतरी फुकट सोपं केलंय.

अर्थात याचा त्रास खरा नाही असं नाही. घाम फुटतो तो नवख्यालाच. मला आज ९६ आणि ८८ बघून कळलं ते हुशारीने नाही, वीस वर्षं आपटून आपटून. नवख्याला कोणी सांगितलेलं नसतं की ही भिंत दुसऱ्याने सरकवलीये. त्याला वाटतं, आपलीच चाल वाकडी.

*

तर भाचीचं काय झालं? प्रकल्पासाठी नवी खोली केली. लॅबमधल्या यंत्रावरच्या सगळ्या आवृत्त्यांची यादी तिने मैत्रिणीकडून मागवून घेतली. नमपाय दोनच्या खालची हवी, असं पिपला बजावून सांगितलं. (नवा पांडास घेऊनही चाललं असतं, पण प्रोग्राम जुन्यावर लिहिलेला आणि सबमिशन सोमवारी. अशा वेळी प्रयोग करू नयेत.) दोन मिनिटांत दोन्ही इम्पोर्ट गुपचूप पार पडले. इम्पोर्ट यशस्वी झाला की पडद्यावर काहीच उमटत नाही, हेही एक विचित्रच. दोन दिवस रडवणारी गोष्ट जाताना 'येते हं' सुद्धा म्हणत नाही.

मग आलेख आला. बारा महिन्यांपाशी उंचच उंच सुळका. "हा येणारच गं, पावसाळा दर वर्षी येतो," मी म्हटलं. "माहितीये मामा," ती म्हणाली, "मला त्याच्या शेजारचे बारके बघायचेत." आणि फोन चालू ठेवून ती आलेखात बुडाली. मी थोडा वेळ तसाच कानाला फोन लावून बसलो. प्रोजेक्ट बदलायचं कोणी बोललं नाही.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. तिने आवृत्त्यांच्या पूर्ण यादीची फाइल केली होती, प्रत्येक नावापुढे आकडा, आणि वर एक टीप: पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी. हे मात्र मी शिकवलं नव्हतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर, मी आता मुलाखतीला येणाऱ्याला ऑफिसचं तयार यंत्र देतो, सगळं चढवून ठेवलेलं. आणि कोणाचं काही अडलंच, तर आधी एरर मी वाचतो. त्या मुलाचं नाव मला आठवत नाही. त्याची एरर मात्र अजून अर्धीमुर्धी आठवते, आणि आज बघितली असती तर पाच मिनिटांत सुटली असती असं वाटतं.

असो. पोहे गार झाले होते. परत गरम करून खाल्ले.